देवळालीचा ताप : ब्रिटिश स्लँगमधले आपले शब्द

इंग्रजीत गेलेले आपले शब्द हा विषय दिवाळी अंकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून आणि गावोगावच्या व्याख्यानमालांतून ठरावीक काळाने डोके वर काढतो. पायजमा, बंगला, शाम्पू, जंगल, लूट अशी यादी वाचली जाते. अमुक शब्द ऑक्सफर्डच्या कोशात गेला असे सांगितले जाते आणि सभागृहात टाळ्या पडतात. टाळ्यांना माझी हरकत नाही. पण या यादीचा जो भाग मी गेली बरीच वर्षे चाळत आलो, तो म्हणजे ब्रिटिश शिपायांच्या आणि त्यांच्यामागून सामान्य इंग्रजांच्या तोंडी रुळलेले स्लँग. त्या भागात टाळी वाजवावी असे थोडेच सापडते, आणि थांबून विचार करावा असे पुष्कळ.

‘स्लँग’ला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ग्राम्य म्हणावे, तर स्लँग शहरात आणि बराकीत जास्त पिकते. शिवराळ म्हणावे, तर तिच्यात शिवी असतेच असे नाही. आपल्याकडे व्यापाऱ्यांची नंदभाषा होती. गिऱ्हाइकाला भाव कळू नये एवढाच तिचा हेतू. स्लँगमध्ये लपवाछपवी कमी आणि थट्टा जास्त. बरोबरीच्या माणसांत बोलायची, वरिष्ठांसमोर आवरायची आणि जे सरळ सांगता येत नाही ते हसण्यावारी न्यायची, अशी ही भाषा. म्हणून ‘स्लँग’ हाच शब्द मी इथे वापरतो.

मी राहतो त्या वडगाव रासाईत भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका आणि पलीकडे दौंड. शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची छावणी होती. कोरेगावच्या लढाईसाठी कॅप्टन स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री निघाली ती शिरूरहूनच. गोऱ्या शिपायाने इथल्या माणसाशी रोजचे बोलणे केले ते अशाच छावण्यांत. त्या बोलण्यातले काय टिकले, या कुतूहलातून माझे कोशवाचन सुरू झाले. इंग्रजी मी महाविद्यालयात शिकलेलो नाही, कोशांतूनच शिकलो. त्यामुळे शब्दाचा अर्थ पाहून पान उलटण्याऐवजी तो कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटला असेल हे पाहण्याची खोड मला लागली. पुढचे विवेचन त्या खोडीतूनच आले आहे.

कोशाचे नाव

या विषयाचा मूळ ग्रंथ म्हणजे ‘हॉब्सन-जॉब्सन’. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी तयार केलेला हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला; विल्यम क्रूक यांनी संपादिलेली त्याची दुसरी आवृत्ती १९०३ ची. बर्नेल १८८२ मध्येच वारले होते. यूल बंगालच्या इंजिनिअर दलातले, बर्नेल मद्रासच्या मुलकी सेवेतले. मराठी मुलूख दोघांच्याही वाट्याचा नव्हता आणि कोश वाचताना ते जाणवते. ‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द ऑक्सफर्डचा कोश सरळ मराठी ‘मुंगूस’पाशी आणून ठेवतो. हॉब्सन-जॉब्सन मात्र आधी तेलुगूकडे बोट दाखवतो आणि मग दख्खनी-मराठीचा उल्लेख करतो. मुंबई इलाख्यातल्या साहेबांना इतर इलाख्यांत ‘डक्स’ म्हणत, ही नोंद मात्र त्यात आहे. डक्स म्हणजे बदके नव्हेत, ‘बॉम्बे डक’, म्हणजे आपले बोंबील. मद्रासवाल्यांना मुलगाटवणी सूपावरून ‘मल’ आणि बंगालवाल्यांना ‘कोई है’ या त्यांच्या हाकेवरून ‘क्वी-हाय’. बंगालचा साहेब हाकेवरून ओळखला जावा आणि मुंबईचा सुकटीच्या वासावरून, ही थट्टा आपल्यालाही कळण्यासारखी आहे.

पण ग्रंथाचे शीर्षकच पाहा. ‘हॉब्सन’ आणि ‘जॉब्सन’ ही ऐकायला दोन इंग्रज आडनावे. प्रत्यक्षात मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत म्हटलेले ‘या हसन! या हुसेन!’ गोऱ्या शिपायांच्या कानी पडले आणि त्यांच्या जिभेवर त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले. परक्या भाषेतला शब्द ओळखीच्या नावासारखा करून घेण्याच्या प्रवृत्तीचा मासला म्हणून यूल यांनी तो शीर्षकासाठी निवडला. आपल्या गावांतून हिंदूही ताबुतांपुढे नाचत आलेले आहेत, डोल्यांना नवस बोलत आलेले आहेत. त्यामुळे त्या हाकेमागे करबलाचा शोक आहे हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. शिपायाला तो गलका वाटला, आणि गलक्याची गंमत पुढे विद्वत्तेच्या शिखरावर जाऊन बसली.

हे एकच उदाहरण असते तर योगायोग म्हणून सोडून दिले असते. त्याच कोशात ‘बॉबरी’ हा शब्द आहे. अर्थ : गोंगाट, आरडाओरडा, दंगा. सरमिसळ जातींच्या शिकारी कुत्र्यांच्या टोळीला ‘बॉबरी पॅक’ म्हणत. कोशकारांच्या मते त्याचे मूळ आपल्या ‘बाप रे’ या उद्गारात आहे. माणूस ‘बाप रे’ केव्हा म्हणतो? दचकल्यावर, भ्यायल्यावर, मार बसल्यावर, घरात वाईट बातमी आल्यावर. ऐकणाऱ्याने त्या उद्गाराचे कारण पाहिले नाही, आवाज तेवढा टिपला. म्हणून ‘बाप रे’चा अर्थ ‘भीती’ किंवा ‘दुःख’ न होता ‘गोंगाट’ झाला. शब्दाचा उच्चार बराचसा शाबूत राहिला आणि त्यातला माणूस गळून पडला.

हॉब्सन-जॉब्सन हा ग्रंथ मी आवडीने वाचतो. एकेका शब्दासाठी प्रवासवर्णने, पत्रे आणि सरकारी कागद धुंडाळून तारखेनिशी उतारे देण्याची त्याची शिस्त आजही हेवा वाटावी अशी आहे. त्याचे न्यून दुसरे आहे. बोलणाऱ्या साहेबाचा प्रत्येक उतारा तो जपतो. ज्याच्या तोंडून शब्द उचलला त्याचे म्हणणे त्याच्या कक्षेत क्वचितच येते. मराठी अभ्यासकाला काम आहे ते इथे.

आज्ञार्थ

त्याच कोशातला क्रियापदांचा एक गट मराठी वाचकाने अवश्य पाहावा. ‘पकरो’ म्हणजे धरणे, ‘डमकाऊ’ म्हणजे धमकावणे, ‘फूझिलो’ म्हणजे फुसलावणे, ‘गबराव’ म्हणजे घाबरवणे, ‘लुगाव’ म्हणजे लावणे किंवा नाव किनाऱ्याला लावणे, ‘बनाव’ म्हणजे बनवणे, ‘समजाव’ म्हणजे समजावणे. इंग्रज माणसाने ही क्रियापदे उचलली ती मूळ धातू म्हणून नव्हे, भूतकाळी रूप म्हणून नव्हे; पकडाव, बनाव, लगाव अशा आज्ञार्थी रूपातच उचलली आणि त्यालाच इंग्रजी प्रत्यय लावले. हे यूल यांच्याही नजरेतून सुटलेले नाही. ‘पकरो’ ही गोऱ्या शिपायाच्या बोलीतली खास चीज आहे असे ते नोंदवतात.

याचे कारण सरळ आहे. माणूस भाषा शिकतो ती तिच्यात जे काम करायचे असते तेवढी. आईशी बोलणारे मूल सगळे काळ आणि सगळे पुरुष शिकते. नोकराशी, भिश्त्याशी, घोडेवाल्याशी बोलणारा शिपाई एकच रूप शिकतो. ‘देखो’चे ‘डेको’ झाले; आज लंडनमध्ये ‘हॅव अ डेको’ म्हणजे नुसते ‘एक नजर टाक’. ‘जल्दी’चे ‘जिल्डी’. ‘चौकी’चे ‘चोकी’ झाले आणि अर्थ तुरुंग. रोआल्ड डाल यांच्या १९८८ च्या ‘मटिल्डा’ या बालकादंबरीतली मुख्याध्यापिका मुलांना ज्या अंधाऱ्या कपाटात कोंडते त्याचे नाव हेच. ‘बक्षीस’चे ‘बकशी’ झाले, म्हणजे फुकटात मिळालेले. ‘रोटी’ची ‘रूटी’ झाली. बरीच वर्षे सरळ चाकरी केल्याबद्दल मिळणाऱ्या पदकाला शिपाई ‘रूटी गाँग’ म्हणत, म्हणजे इतकी वर्षे सरकारची रोटी खाल्ल्याचे बिरूद. आपल्याकडे दुसऱ्यासाठी विनामोबदला राबण्याला ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’ म्हणतात. ते कोणते लष्कर हे वाक्प्रचार सांगत नाही. पण खाणाऱ्याच्या भाषेत रोटीचे पदक झाले आणि भाजणाऱ्याच्या भाषेत भाकरीची बिगारी झाली, हे या दोन शब्दांवरून दिसते.

भारतीय शब्द ब्रिटिश स्लँगमध्ये जाण्याची आणखी एक, छावणीपेक्षा पुष्कळ जुनी वाट आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेलेल्या रोमा लोकांची ती वाट. त्यांच्या रोमानी भाषेतून इंग्रजीत सतराव्या शतकात ‘पॅल’ हा शब्द आला. अर्थ : दोस्त. मूळ रोमानी अर्थ : भाऊ. संस्कृत ‘भ्रातृ’शी, म्हणजे आपल्या ‘भाऊ’शीच त्याचे नाते आहे. साहेबी वाटेने ‘देखो’ आणि ‘पकडाव’ गेले, भटक्यांच्या वाटेने ‘भाऊ’ गेला. एकत्र पालात झोपणाऱ्यांकडून माणूस कोणते शब्द घेतो आणि चाकरांकडून कोणते, हे ताडून पाहायला यापेक्षा सोपी जोडी मला मिळालेली नाही. मात्र ही वाटही सगळीच प्रेमाची नव्हे. हलक्या दर्जाचा, भडक कपड्यांतला पोरगा अशा अर्थाची ‘चॅव’ ही अलीकडची ब्रिटिश शिवी रोमानीतल्या ‘छावो’वरून, म्हणजे मुलगा या शब्दावरून आली असावी, असे कोशकार धरतात. त्या ‘छावो’चे आणि मराठी ‘छावा’चे मूळ एकच. आपल्याकडे जो शब्द अभिमानाने उच्चारला जातो त्याच्या चुलतभावाचे तिकडे हे झाले.

देवळाली

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. ‘डूलॅली’. इंग्लंडमध्ये आजही एखाद्याचे डोके फिरले की ‘ही हॅज गॉन डूलॅली’ म्हणतात. बोलणाऱ्या बहुतेकांना हे गावाचे नाव आहे हे माहीत नसते. हे आपल्या नाशिकजवळचे देवळाली. उच्चारताना देऊळ ऐकू येते असे नाव. मूळ सैनिकी प्रयोग होता ‘डूलॅली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे टपली नव्हे. हिंदुस्थानीतला ‘तप’, म्हणजे आपला ताप. मराठी माणसाला हा वाक्प्रयोग समजावून सांगण्याची गरजच नाही, कारण ‘डोक्याला ताप’ हे तो दिवसातून चारदा म्हणतो.

देवळालीला १८६१ मध्ये इंग्रजांनी सैनिकांची मुक्कामाची छावणी उभारली. मुंबईला उतरलेले नवे गोरे शिपाई इथे थांबून पुढे आपापल्या पलटणींकडे जात आणि मुदत संपलेले शिपाई मायदेशी जायच्या बोटीसाठी इथे येऊन थांबत. बोटी बारमाही नसत. सैनिकांची ने-आण मुख्यतः हिवाळ्याच्या महिन्यांत चाले. ज्याची मुदत हंगाम सरल्यावर संपे, त्याला पुढच्या हंगामापर्यंत बसून राहावे लागे. कवायत नाही, काम नाही, पलटणीतले सोबती मागे राहिलेले, हातात साठलेला पगार, वर उन्हाळा, हिवतापाची साथ आणि दारू. फ्रँक रिचर्ड्स हा साधा शिपाई विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात होता. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत तो देवळालीबद्दल लिहितो आणि या शब्दाचा उगम छावणीतल्या कंटाळ्यापायी माणसे जशी विचित्र वागत त्यात असावा, असे सांगतो. हे त्याने अदबीने आपले मत म्हणूनच मांडले आहे. त्याआधी १९२५ मध्ये फ्रेझर आणि गिबन्स यांनी केलेल्या सैनिक व खलाशांच्या शब्दसंग्रहात हा प्रयोग आलेला होताच.

आपल्याकडे आणि इंग्लंडातही दुसरी एक उपपत्ती जास्त लोकप्रिय आहे. देवळालीला गोऱ्यांचे वेड्यांचे इस्पितळ होते, म्हणून हा शब्द. ही कथा पटकन का पटते हे मराठी माणसाला नीट कळेल. आपण ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘हा येरवड्याचा गिऱ्हाईक’ असे सहज बोलतो, आणि तिथे खरोखरच मनोरुग्णालये आहेत. गावाच्या नावाचा अर्थ वेड झाला म्हणजे तिथे इस्पितळ असलेच पाहिजे, हा ठोकताळा आपल्या बोलीतून आपोआप येतो. पण शब्दाची रचनाच त्याला आडवी जाते. इस्पितळ मनात असते तर शिपाई ‘त्याला देवळालीला धाडा’ म्हणाले असते. ते म्हणत होते ‘त्याला देवळालीचा ताप झाला’. म्हणजे देवळाली हे वेडावरच्या उपचाराचे ठिकाण म्हणून बोलीत आलेले नाही, वेड लागण्याचे ठिकाण म्हणून आलेले आहे. रिचर्ड्सचे म्हणणे याच्याशी जुळते, म्हणून मी ते ग्राह्य धरतो.

हॉब्सन-जॉब्सन, बॉबरी आणि डूलॅली हे तीन शब्द मला शेजारी ठेवावेसे वाटतात. तिन्ही शिपायांचे, तिन्ही विनोदी, तिन्हींच्या मुळाशी कोणाचे तरी दुःख. पहिल्या दोहोंत दुःख दुसऱ्याचे होते आणि शिपाई बाहेरून हसत होता. तिसऱ्यात दुःख त्याचे स्वतःचे होते. गरिबीमुळे फौजेत भरती झालेला, वर्षानुवर्षे घर न पाहिलेला, चाकरी संपूनही घरी न पोचलेला माणूस आपल्या शेजारच्या खाटेवरच्याला चळताना पाहत होता. त्याला काय होते आहे हे सांगायला त्याच्याजवळ वैद्यकाचा शब्द नव्हता. त्याने समोरच्या गावाचे नाव घेतले, इथल्या माणसाकडून ऐकलेला ताप त्याला जोडला आणि हसला. ‘पकडाव’ म्हणणाऱ्यानेच हे केले. म्हणून त्याच्याविषयी एकच एक निकाल देऊन मोकळे होता येत नाही.

पुढे त्या हसण्यातला ताप उतरला आणि नुसते हसणे राहिले. बीबीसीने १९७४ ते १९८१ या काळात ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका दाखवली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस देवळालीच्या छावणीत करमणुकीचे कार्यक्रम करणाऱ्या तुकडीची ती कथा. तिच्या दोन लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः देवळालीच्या अशा तुकडीत होते. लक्षावधी इंग्रज प्रेक्षकांनी देवळाली पाहिली ती अशी.

विलायत

शिपाई वाट पाहत होता त्या जागेचे नावही इथलेच. ‘ब्लायटी’ म्हणजे इंग्लंड, मायदेश. मूळ अरबी ‘विलायत’, त्यावरून विलायती, हिंदुस्थानीत बिलायती, तिथून ब्लायटी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत हा शब्द सर्वतोमुखी झाला. जीव जाऊ नये, पण घरी धाडावेच लागेल इतपत जखम झाली, तर तिला शिपाई ‘ब्लायटी’ म्हणत. तशी जखम व्हावी अशी इच्छा करणारे होते. ‘खूश’वरून आलेला असावा असा ‘कुशी’, म्हणजे सुखाची, बिनत्रासाची जागा, हा शब्दही त्याच खंदकांत फोफावला.

मराठीत विलायती म्हणजे काय? विलायती चिंच आमच्या बांधाबांधावर आहे. तिचे मूळ मेक्सिकोच्या बाजूचे, इंग्लंडशी तिचा काही संबंध नाही. विलायती दारू, विलायती कापड, विलायती माल. आपल्याकडे विलायती म्हणजे बाहेरचे, परके. इथल्या माणसाने गोऱ्या शिपायाच्या देशाला ‘परका मुलूख’ या अर्थाने जे नाव दिले, त्याच नावाने तो शिपाई आपल्या घराची आठवण काढू लागला. स्वतःच्या भाषेत घराला शब्द असताना त्याला हा का लागला, हे मी पुष्कळ दिवस घोळवले. मला उत्तर दिसते ते असे : हिंदुस्थानात राहून तो स्वतःच्या देशाकडे इथल्या माणसाच्या अंतरावरून पाहायला शिकला होता. आज्ञार्थी क्रियापदांपलीकडचे काही तो इथून घेऊन गेला याचा मला दिसलेला हा सर्वांत स्पष्ट पुरावा.

न टिकणाऱ्या कथा

व्युत्पत्तीच्या गोड कथांपासून या विषयात फार जपावे लागते. ‘पॉश’ हा शब्द मुंबईच्या बोटीवरून आला, असे आपल्याकडे छापूनही येते. हिंदुस्थानला येताना डावीकडची आणि परत जाताना उजवीकडची खोली सावलीत, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरे मारत, अशी ती कथा. तसा शिक्का असलेले तिकीट कोणाला सापडलेले नाही आणि प्रमुख कोश ही कथा मान्य करत नाहीत. ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’ मधला ‘डॅम’ म्हणजे आपला ‘दाम’, हा तर्क हॉब्सन-जॉब्सनमध्येच सुचवलेला आहे. ऑक्सफर्डचा कोश तो नाकारतो. दोन्ही कथा आपल्याला सुखावतात म्हणून त्या टिकून आहेत. सुखावणाऱ्या व्युत्पत्तीकडे मी दुप्पट संशयाने पाहतो. ‘पक्का’वरून ‘पका’ हे मात्र निर्विवाद; जेमी ऑलिव्हर या बल्लवाने ते दूरचित्रवाणीवरून ‘झकास’ या अर्थाने घरोघर नेले. ‘लूट’ही निर्विवाद. एकोणिसाव्या शतकातल्या लढायांबरोबर तो शब्द इंग्लंडात गेला आणि स्लँगच्या कोशात दाखल झाला, ही नोंद खुद्द यूल करतात. आपला म्हणून मिरवायला हा शब्द पुढे करताना तो कोणत्या सामानाबरोबर बोटीत चढला, याची आठवण ठेवावी.

आपली बाजू

मराठीने उलट काय केले? ‘सोल्जर’चा सोजीर केला, ‘रिक्रूट’चा रंगरूट, ‘प्लॅटून’ची पलटण, ‘ऑर्डर्ली’चा अर्दली, ‘लॉर्ड’चा लाट. आपणही या शब्दांना स्लँगमध्ये ओढले. घरात पोरांची पलटण असते. कामाला हात न लावणाऱ्याला ‘मोठा लाटसाहेब लागून गेलास’ असे घरातली म्हातारी सुनावते. साहेबाचा पदबिल्लाच तिने टोमणा म्हणून वापरला. पहाऱ्यावरच्या शिपायाचे ‘हू कम्स देअर’ देशी शिपायांच्या तोंडी ‘हुकुमदार’ झाले. इंग्रजीत तो प्रश्न होता. इथे त्यात ‘हुकूम’ ऐकू आला. ऐकणाऱ्याचा अनुभवच तसा होता.

मात्र शिरूरलाच याच्याविरुद्ध जाणारी गोष्ट आहे. तिथे १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल विल्यम वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याचे थडगे आहे. लोक त्याला सत्पुरुष म्हणत आणि थडग्यापुढे नैवेद्य ठेवत, अशी नोंद जुन्या पुणे गॅझेटिअरमध्ये आहे. लोकांनी नावाचा अपभ्रंश करून त्याची टिंगल केली नाही. नाव बाजूला ठेवून त्याच्या जागी आदराचे विशेषण ठेवले. आणि ज्या मुंबई फौजेतल्या शिपायांनी ‘पकडाव’ उचलले, त्याच फौजेतल्या मोल्सवर्थ या अधिकाऱ्याने शास्त्र्यांना बरोबर घेऊन, जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने, १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. त्याची १८५७ ची आवृत्ती आजही माझ्या टेबलावर असते. मोल्सवर्थने आपल्या माणसांचे बोलणे आज्ञार्थापुरते ऐकले नाही. म्हणी, शेतकऱ्याचे शब्द, बायकांच्या तोंडचे शब्द अर्थच्छटांसह टिपले. छावणीतही माणूस कानाने कसा वागतो यावर पुष्कळ अवलंबून असते.

आता डूलॅली परत आली आहे. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या एका बिअरचे ते नाव. पुण्यामुंबईतली तरुण मुले ते इंग्रजी शब्द म्हणून, इंग्रजी उच्चाराने घेतात. देवळालीचे नाव लंडनला जाऊन, वेड हा अर्थ घेऊन, दीडशे वर्षांनी दोनशे किलोमीटरवरच्या पुण्यात उतरले आणि आपण त्याला ओळखले नाही. यात त्या मुलांना दोष देण्यासारखे काही नाही, कारण त्यांना हे सांगणारी नोंद मराठीत हाताशी नाही. आपल्या याद्या ‘देवळालीवरून डूलॅली’ एवढे सांगून पुढच्या शब्दाकडे जातात.

अशा शब्दांची मराठी नोंद करायची झाली तर ती मूळ आणि अर्थ एवढ्यावर थांबू नये, असे माझे म्हणणे आहे. शब्द कोणी ऐकला, कोणाकडून, त्या दोघांत हुकूम देणारा कोण होता, आणि मूळ बोलणाऱ्याचे कोणते म्हणणे वाटेत गळाले, हेही तिच्यात यावे. ‘बॉबरी’च्या नोंदीत भ्यालेला माणूस यावा आणि ‘डूलॅली’च्या नोंदीत बोट चुकलेला शिपाई यावा. यूल-बर्नेल यांना जे साधले नाही ते आपल्याला साधण्याजोगे आहे, कारण दुसऱ्या बाजूचे बोलणे आपल्याच घरांत आहे. साताऱ्याच्या अपशिंगे (मिलिटरी)सारखी गावे, नगर आणि शिरूरकडची पेन्शनर घराणी, जुन्या ट्रंकांतली पत्रे, आजोबांच्या तोंडच्या हुकुमदार, रंगरूट, सोजीर अशा शब्दांची आठवण असलेली माणसे अजून आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे शब्द असतील, त्यांनी ते लिहून ठेवावेत. शब्दाशेजारी तो म्हणणाऱ्याची पलटण, साल आणि तो कोणत्या प्रसंगी म्हटला जाई तेही लिहावे. हसण्यावारी म्हटला जात असेल तर कशावर हसत, तेवढे आवर्जून लिहावे.